सव्विसावी झेंडी

झेंडी उपटण्याआधी जमनीने चारही बाजूंना पाहून घेतलं होतं. नगारा टेकडीच्या पायथ्याशी एक शेळी, दोन बगळे आणि श्रावणातली येऊन-जाऊन असणारी भुरभुर... बाकी चिटपाखरू नव्हतं. तिने बांबूच्या काडीवरचं लाल फडकं ओढलं, कमरेला खोचलं आणि वळली, तर ओढ्यापलीकडे तीन पायांवर दुर्बीण उभी! दुर्बिणीमागे एक माणूस वाकलेला, आणि दुर्बीण सरळ तिच्यावर रोखलेली.

"अहो बाई!" तो डोळा चोळत ओरडला. "ते तुमचे आरसे जरा झाका. डोळे दिपले माझे!"

ढगाआडून ऊन आलं होतं आणि तिच्या ओढणीवरचे आरसे लखलखत होते. जमनीने ते झाकले तर नाहीतच, उलट ओढणी चांगली झटकली.

"आमचे आरसे आमच्या आंगावर हायेत. तुमाले कोनं सांगतलं पाहाले?"

"मी टेकडी पाहत होतो."

"टेकडी तं कायले पाहता? इकाले काढली काय कोनं?"

तो ओढा ओलांडून आला. उंच, सावळा, खाकी टोपी घातलेला. रिकाम्या काडीपाशी थांबला, मग तिच्याकडे पाहिलं.

"इथं एक झेंडी होती."

"असंल. शेळीनं खाल्ली."

"काडी ठेवून?"

"आमच्या शेळ्या काड्या खात नाहीत."

त्याची नजर क्षणभर तिच्या कमरेशी डोकावणाऱ्या लाल टोकावर गेली. मग त्याने खिशातली वही काढली आणि मोठ्याने म्हणत लिहिलं, "झेंड्या सव्वीस. शिल्लक पंचवीस. एक शेळीने खाल्ली." आणि हसला.

तो रागावला असता तर जमनीला बरं वाटलं असतं. सरकारी माणूस हसला की समजावं, आपलं काहीतरी जाणार. ही तिच्या आजोबांची शिकवण, आणि आजोबांना ती फुकट मिळाली नव्हती. इंग्रजांच्या काळात दर आठवड्याला ठाण्यावर हजेरी देऊन त्यांच्या टाचा झिजल्या होत्या.

ते वर्ष चीनच्या लढाईनंतरचं. दिग्रस-पुसद सडकेच्या कडेला साऱ्या देशासाठी नेमबाजीचं केंद्र उभारायचं घाटत होतं. देशभरातले नेमबाज इथे शिकायला येणार, सामने इथे होणार. आता नेमबाजीला चांदमारी लागते, चांदमारीच्या पाठीशी गोळ्या अडवायला उंच आडोसा लागतो, आणि तसा आयता आडोसा म्हणजे नगारा टेकडी. टेकडीवर मरियामा देवीचं ठाणं, पायथ्याला तांड्याची विहीर, विहिरीभोवती चाळीस घरं. पिढ्यान्‌पिढ्या बैलांवर मीठ लादून फिरलेली ही माणसं तिथे कुठे जरा टेकली होती. भिंतींचा लेप अजून धड वाळला नव्हता, तोच ह्या झेंड्या!

जमनीचे वडील हरिसिंग नायक म्हणजे तांड्याचे प्रमुख. त्यांनी लेकीला बाजूला घेतलं.

"त्या मोजणीवाल्याले झुडपं तोडाले बाया पायजेत. तू जाय. चार बुकं शिकली हायस, तो काय लिवते ते पाह्यत जाय."

झालं! जमनी कोयता घेऊन कामाला गेली आणि पहारा करू लागली. साहेबाचं नाव के. डी. कारभारी. देशावरचा असावा, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. त्याच्यासोबत साखळी धरायला दारव्ह्याचे नागोराव होते, पण ते मान हलवण्यापलीकडे कशाचं उत्तर देत नसत.

संशयाला मात्र रोज नवं खाद्य मिळायचं. साहेब तांड्याच्या घागरीतलं पाणी जराही न बिचकता पिऊन टाकायचा. तीजेच्या सणासाठी लग्नाच्या पोरींनी टोपल्यांत पेरलेल्या गव्हाजवळून जाताना पायातले बूट काढायचा. का काढायचा? त्याला कुणी सांगितलं? भलत्याच गोडीने वागणाऱ्या माणसाच्या मनात काय असतं, हे जमनीला पक्कं माहीत होतं. निदान माहीत आहे असं तिला वाटत होतं.

आणि बाया? बाया त्याच्यासमोर गोरबोलीत मनसोक्त बोलायच्या. बाहेरच्या माणसाला आपली बोली काय कळते! जमनीची मैत्रीण बिजली तर त्याच्या तोंडावर हसत विचारायची, "काय गं जमनी, कसा वाटते तुले हा करकोचा?"

"चालते करकोच्यावानी खरा," जमनी कोयता चालवत म्हणाली होती. "डोळे मात्र बरे हायेत. बाकी सगळा सरकारी."

बाया खिदळल्या. साहेब दुर्बिणीवर वाकलेला होता... पण त्याचे कान? कान लाल झाले होते. जमनीचा कोयता तसाच हवेत राहिला.

दुसऱ्या दिवशी न्याहारीला सगळे पळसाखाली बसले. साहेबाने टोपी शेजारच्या दगडावर काढून ठेवली होती. थोड्या वेळाने उचलून डोक्यावर घातली. जमनीने भाकरीचा तुकडा मोडला आणि अगदी सहज, मिरची दे म्हणावं तशा सुरात, गोरबोलीत बिजलीला म्हणाली, "साहेबाच्या टोपीत विंचू शिरला बघ. काळा. नांगी वर करून बसला हाय."

टोपी हवेत उडाली! पार नागोरावांच्या ताटात जाऊन पडली. साहेब दोन्ही हातांनी केस झाडत उभा राहिला... आणि मग हळूच थांबला. बिजलीने तोंडात पदर कोंबला आणि "अगं माय!" करत बायांना घेऊन ओढ्याकडे पळाली.

"विंचू नव्हता," जमनी म्हणाली.

"नव्हता," तो गोरबोलीतच म्हणाला. सफाईदार, तिच्या आजीसारख्या जुन्या वळणाची गोरबोली!

आठ दिवसांचं सगळं बोलणं ह्याने ऐकलं. झेंड्या उपटायचा बेत, सरकारला दिलेल्या शिव्या, आणि... डोळे बरे हायेत!

"तू गोर हायस," ती दात आवळून म्हणाली. "आपल्यातला असून चोरावानी ऐकत राह्यला!"

"मले कोनं विचारलंच नाही. प्यांटवाल्याले कोनी विचारत नाही, बावा, तू कोन्या तांड्याचा? आमचा आजा तांड्याचा कारभारी होता. शाळेत मास्तरनं तेच आडनाव लिवून टाकलं. घरी मले किसनसिंग म्हनतात."

"मंग सांगतलं काहून नाही?"

त्याने टोपीतली भाजी झटकली. "मांगच्या साली एका तांड्याची मोजणी केली होती. तवाचे साहेब म्हनाले, हा त्यायचाच माणूस, ह्याचा कागद कोन खरा मानंल? कागद गेला फाइलीत, तांडा गेला उठून. म्हनून ह्या वेळी चूप हावो. चार दिवस, जमनी. मोठे साहेब येऊन जाईस्तोवर कोनाले सांगू नको."

किती साधं मागितलं त्याने! आणि किती अवघड. खरं बोलत असेल तर तांडा वाचणार. खोटं बोलत असेल तर तिच्या गप्प बसण्याने चाळीस घरं उठणार.

"ऐक, माझं गोत—" तो बोलू लागला.

"नको!" ती एवढ्या जोरात म्हणाली की तिचीच तिला लाज वाटली. "गोत... सांगू नको. चोरून ऐकणाऱ्याले गोत नसते."

जमनी कोयता उचलून चालू पडली. खरं कारण तिने बिजलीलाही सांगितलं नाही. त्याचं गोतही जर तिच्यासारखं राठोड निघालं, तर तो तिचा भाऊ! एका गोतात लग्न होत नाही. आणि तीजेच्या ऐन दिवसांत, गव्हाला पाणी घालताना, तिला त्या करकोच्यात भाऊ दिसत नव्हता. खरं सांगायचं तर बिलकूल दिसत नव्हता.

तिने तीन दिवस गुपित सांभाळलं. तो साखळीचं टोक तिच्या हाती द्यायचा, बोटं लागायची — आणि दोघं दोन दिशांना बघायची.

चौथ्या दिवशी ती पाणी ठेवायला त्याच्या तंबूत गेली. पेटीवर नकाशा पसरलेला होता. जमनीने टेकडी ओळखली, विहीर ओळखली. आणि चाळीस घरांवरून लाल शाईच्या तिरप्या रेघा ओढलेल्या होत्या. कडेला लिहिलं होतं, 'हटवणे'.

तिने घागर तिथेच टेकवली. रडू यायच्या आधी राग आला, आणि तो त्याच्यावर कमी, स्वतःवर जास्त. डोळे बरे हायेत म्हणे! ती तशीच घरी निघाली. वडिलांना सगळं सांगून टाकायचं होतं. पण तोवर जीप आली होती.

मोठे साहेब उतरले. गळ्यात पट्टा, पट्ट्याला शिकारीची रायफल. सगळा तांडा पिंपळाखाली जमला. किसनसिंगने दोन नकाशे मांडले.

"हा पहिला, लाल रेघांचा, वरून आलेला," तो मराठीत म्हणाला. "गोळीबार पश्चिमेकडे, टेकडीवर. तांडा उठवावा लागतो. हा दुसरा, मी केलेला. गोळीबार उत्तरेकडे, बरडावर. तिथे मातीचा बांध घालावा लागेल. टेकडी, विहीर, घरं जागच्या जागी. फक्त बरडावरची चराई तांड्याने सोडायची. त्यासाठी नायकांचा अंगठा हवा."

शाईचा डबा पुढे आला. हरिसिंग नायकांनी हात मागे घेतला.

"आज बरड मागता. अंगठा घेतल्यावर उद्या टेकडी मागाल," ते म्हणाले. मग लेकीकडे वळले. "जमनी, वाच. खरं हाय काय कागद?"

तिने वाचलं. कागद खरा होता, पण लाल रेघाही खऱ्याच होत्या. कोणत्या कागदावर विश्वास ठेवायचा? कागदावर नाहीच, तिला वाटलं. माणसावर ठेवायचा. आणि तांड्यात माणूस पारखायची एकच रीत. नायकासमोर गोत सांगून जो खोटं बोलतो, त्याला मग कुठल्याच तांड्यात कुणी पाणी देत नाही.

एका प्रश्नात तांडा जाणार होता किंवा राहणार होता, आणि तिचा करकोचाही. जमनी उभी राहिली, आणि चार दिवस जो शब्द टाळला तोच सगळ्यांसमोर उच्चारला.

"तार गोत कुणसो?"

तुझं गोत कोणतं? तांड्यात कुजबुज झाली. साहेबाला गोत? पोरगी भ्रमली काय? किसनसिंगने मोठ्या साहेबांकडे एकदा पाहिलं. उत्तर दिलं की त्याचं सोंग गेलं, कदाचित नकाशाही गेला. मग त्याने टोपी काढली, नायकांसमोर वाकला आणि गोरबोलीत म्हणाला, "पवार. ढालसिंग कारभाऱ्याचा नातू, किसनसिंग. मरियामाची आण, तांडा हलणार नाही असंच लिवलं हाय."

पवार! म्हणजे जमनीचा भाऊ नव्हे. बिजलीने तिला असा चिमटा काढला की डोळ्यांत पाणी आलं. चिमट्यानेच आलं, असं ती नंतर सांगायची.

"काय भानगड आहे ही?" मोठे साहेब तापले. "कारभारी, तुम्ही यांच्यातलेच? मग तुमच्या नकाशावर मी विश्वास का ठेवावा?"

"नका ठेवू साहेब," किसनसिंग शांतपणे म्हणाला. "चार वाजलेत, आकाश उघडलंय. तुमची रायफल आहे. पहिल्या नकाशाच्या खुणेवर आडवे व्हा आणि टेकडीवर नेम धरा."

साहेब नामांकित शिकारी. असं आव्हान ते सोडतात होय! सतरंजीवर पालथे पडले, एक डोळा मिटला. समोर टेकडी आणि टेकडीच्या माथ्यावर कलता सूर्य, थेट डोळ्यात. त्यांनी मान तिरपी केली, टोपी ओढली, शेवटी दोन्ही डोळे मिटले. मग किसनसिंगने त्यांना बरडाकडे तोंड करून झोपवलं. साहेब बराच वेळ तसेच पडून राहिले.

"उत्तरेकडे स्वच्छ दिसतंय," ते उठून धोतरवाल्यांच्या गर्दीकडे न बघता पँट झटकत म्हणाले. "देशभरातले नेमबाज बोलवायचे आणि दुपारभर त्यांचे डोळे मिटवायचे, हे काही बरं नाही. कारभारी, तुमचा नकाशा द्या इकडे."

हरिसिंग नायकांनी अंगठा शाईत बुडवला, आणि लाल रेघांच्या नकाशावर साहेबांनी आपल्या हाताने काट मारली.

दोन दिवसांनी तीज पाण्यात सोडायचा दिवस. पोरी गव्हाच्या टोपल्या घेऊन गात ओढ्यावर गेल्या. किसनसिंगचं सामान जीपमध्ये चढलं होतं. नागोराव साखळी गुंडाळत होते, आणि आज पहिल्यांदाच गालात हसत होते. जमनी ओढ्याच्या काठी मागे राहिली. मुद्दाम नव्हे हो, पैंजण अडकलं होतं!

"तार गोत कुणसो?" मागून आवाज आला.

"माहीत नाही तुले?" ती वळली नाही. "पह्यल्या दिवशीच नायकाचं आडनाव लिवलं होतं वहीत. राठोड."

"म्हनजे तवापासूनच माहीत होतं मले, की जमते म्हनून." तो जवळ आला. "पण रीतसर विचारल्याशिवाय घरी याडीले, मायले, काय सांगू?"

"मंग चार दिवस माझा जीव टांगून ठेवला?"

"तूच म्हनाली, गोत सांगू नको."

तिला राग यावा की हसू, कळेना. "जाशील अन् विसरशील," ती म्हणाली. संशय जुना सोबती, एका दिवसात थोडाच सुटतो! "सरकारी माणसाचा काय भरवसा?"

किसनसिंगची नजर तिच्या नव्या ओढणीवर थांबली होती. तीजेसाठी तिने ती स्वतः शिवली होती. मधोमध लालभडक चौकोन, त्याच्या चारी कडांना बारीक आरसे टाचलेले.

"ही... माझी झेंडी," तो म्हणाला. "सव्विसावी! सरकारी माल हाय तो, जमनी. जमा करावा लागंल."

जमनीने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. मग पहिल्यांदाच सरळ त्याच्या त्या बऱ्या डोळ्यांत पाहिलं.

"टाके पक्के घातले हायेत, उसवत नाहीत आता," ती म्हणाली. "न्यायची असंल, तं ओढणीवालीसकट न्यावी लागंल. याडीले घेऊन ये."