एक हजार अकरा

हँगरच्या फरशीवर बारा वस्तू मांडलेल्या होत्या: मुख्य हवाई छत्री, राखीव छत्री, अंगावर बांधायचा हार्नेस, हेल्मेट, दोन हातमोजे, गॉगल, उंचीमापक, गळ्याला बांधायचा माइक, कानातला रिसीव्हर, शस्त्रक्रियेची पेटी आणि ती पेटी पायाला अडकवायचा पट्टा. डॉ. उल्का नागवेकरने एकेका वस्तूला बोट लावत त्या मोठ्याने मोजल्या.

"मनात मोजा की, डॉक्टर," निवृत्त सुभेदार खिलारे म्हणाले. "आम्ही काय चोर आहोत?"

"पोट शिवण्याआधी आम्ही गॉजचे बोळे मोजतो, सुभेदार. मनात मोजलं की एखादा आतच राहतो."

"मग आपलं जमेल. विमानातून बाहेर पडलात की असंच मोजायचं. एक हजार एक, एक हजार दोन. अठ्ठेचाळीसला उजव्या कमरेचं हँडल ओढायचं."

उल्काने आयुष्यात कधी उडी मारली नव्हती. पण दक्षिण ध्रुवाजवळच्या संशोधन तळावर डॉ. निषाद टिपणीसचे अपेंडिक्स फुटले होते, आणि तळावरचा एकमेव डॉक्टर तोच होता. दोन वादळांमधली उघडीप संध्याकाळी संपणार होती. तळावर विमान उतरू शकत नव्हते. भोवतालच्या डोंगरांमुळे ते साडेतीन हजार मीटरच्या खालीही येऊ शकत नव्हते. खिलारे तिला स्वतःला बांधून घेऊन उडी मारू शकले असते, पण त्यांचा डावा पाय गुडघ्याखाली कृत्रिम होता.

सकाळभर त्यांनी तिला पोटावर झोपवून शरीराची कमान करायला शिकवले. मग टेबलावरून उड्या मारायला लावल्या: पाय जुळलेले, गुडघे सैल, टेकताच कुशीवर लोळण. अकराव्या वेळी तिचे कोपर सोलवटले. तिने ते पाहिलेही नाही.

त्यानंतर केतकी टिपणीसने आपले यंत्र उघडले. ती मज्जाशास्त्रज्ञ होती आणि निषादची बायको. सकाळी निषाद रेडिओवर स्वतःचे निदान सांगत होता. आता तो फक्त पाणी मागत होता.

"पतनाभासक," ती म्हणाली. "ही टोपी मेंदूतल्या तोलाच्या केंद्राला पडण्याचा आभास देते. एका उडीने हात शिकत नाही. दोनशे लागतात."

"दोनशेला मला दोन वर्षं लागली," खिलारे म्हणाले.

"हिला तासभर. आभास पाचपट वेगाने चालतो. अठ्ठेचाळीस सेकंदांचं पडणं दहा सेकंदांत."

"आणि मोजायचं कसं?" उल्काने विचारले.

"आभासात मोजू नका. जीभ पाचपट वेगाने चालत नाही. हाताला आपोआप कळेल."

आणि हाताला कळले. शेवटच्या पन्नास उड्यांत उल्काने उंचीमापकाकडे नजरही टाकली नाही. प्रत्येक वेळी हात योग्य क्षणी कमरेवर गेला. यंत्र थांबल्यावर ती तिथेच खाटेवर झोपली. टोपी काढायला गेलेली केतकी मध्येच थांबली.

झोपेत उल्काचा उजवा हात कमरेकडे गेला, मुठीत काहीतरी धरल्यासारखा झाला आणि झटक्याने बाहेर आला. थोड्या वेळाने पुन्हा. यंत्राच्या आलेखावर पडण्याचे स्वप्न सुरू झाले की दहा सेकंदांनी. दर वेळी दहाच.

"हात कृती शिकला," केतकी खिलारेंना बाजूला घेऊन म्हणाली. "तिच्याबरोबर वेळही शिकला. ही दहाव्या सेकंदाला हँडल ओढणार. बत्तीसशे मीटरवर."

"ओढू दे. छत्री वर उघडली म्हणून कुणी मरत नाही."

"वारा सेकंदाला चौदा मीटर आहे. अकराशेवर उघडायच्या ऐवजी बत्तीसशेवर उघडली, तर छत्री सात मिनिटं जास्त हवेत राहील. म्हणजे तळाच्या पुढे सहा किलोमीटर."

"मग उठवून सांगू तिला," खिलारे खाटेकडे वळत म्हणाले.

दोन पावलांवर ते थांबले आणि स्वतःशीच बोलल्यासारखे बोलू लागले.

"माझ्या हाताखालच्या एका पोराला मी विमानाच्या दारात सांगितलं होतं, आज हँडल थोडं उशिरा ओढ. एवढंच. जमिनीवर सापडला तेव्हा हँडल मुठीत होतं. न ओढलेलं." ते उल्काकडे बघत राहिले. "शेवटच्या घटकेला नवीन काही सांगायचं नाही."

"तर मग विमान सरकवू," केतकी म्हणाली. "वारा येतो त्या बाजूला, सहा किलोमीटर आधी उडी. ती लवकर ओढेल आणि वाहत तळावर येईल."

"आणि वेळेवर ओढलं तर?"

"तर सहा किलोमीटर अलीकडे, बर्फातल्या भेगांच्या पट्ट्यात पडेल. तिथे तळावरचं कुणी पोचू शकत नाही." तिने आलेख त्यांच्यासमोर धरला. "सुभेदार, दोनशे वेळा ओढलंय तिने. माझा नवरा आहे तिथे. मी उगाच बोलेन का?"

खिलारेंनी आलेख दोनदा पाहिला. मग वैमानिकाला नवी जागा कळवली, फरशीवरचा रिसीव्हर उचलला आणि खिशात टाकला.

"हा कशाला?"

"नाहीतर तुम्ही तिच्या कानात बोलाल."

निघण्यापूर्वी उल्काने पुन्हा वस्तू मोजल्या, मोठ्याने. "अकराच आहेत. रिसीव्हर?"

"बिघडला," खिलारे म्हणाले. "तुमचं बोलणं आम्हाला ऐकू येईल. आमचं काय ऐकायचंय तुम्हाला?"

ती हसली. "निषादला सांगा, टाके सुबक घालीन."

विमान गेले. हँगरमध्ये रेडिओसमोर दोघे बसून राहिले. चार तासांनी वैमानिकाचा आवाज आला: नव्या जागेवर आहोत, दार उघडलंय. मग वाऱ्याचा घोंगाट, आणि त्या घोंगाटात उल्काचा आवाज.

"एक हजार एक."

केतकीने घड्याळाकडे पाहिले.

"एक हजार दोन. एक हजार तीन."

आवाजात घाई नव्हती. घड्याळाच्या काट्याबरोबर एकेक आकडा पडत होता. जीभ पाचपट वेगाने चालत नव्हती. तिला कुणी काही नवे शिकवलेच नव्हते.

"एक हजार नऊ. एक हजार दहा."

खिलारेंचा हात खिशातल्या रिसीव्हरवर होता.

"एक हजार अकरा."

"ओढ," केतकी म्हणाली. रेडिओला, भिंतीला. "उल्का, ओढ ना."

"एक हजार बारा. एक हजार तेरा."

अठ्ठेचाळीसपर्यंत दोघांपैकी कुणीही हलले नाही. मग कापड फडफडल्याचा आवाज झाला, आणि उंचीमापकाची नोंद पडद्यावर उमटली.

छत्री उघडली. उंची ११२० मीटर.