तळघरातली कागदाची पट्टी

"पुन्हा फाटली," ट्रूडी पुटपुटली.

तिच्या मित्राने, ओटिसने, वाकून पाहिलं. सोमवारी ट्रूडीच्या आईचा डबा पोचवायला दोघं पोलीस ठाण्याच्या तळघरात आली, तेव्हा तिच्या खुर्चीमागच्या भिंतीला तडा दिसला होता. तडा रुंदावतोय का ते कळावं म्हणून ओटिसने त्यावर आडवी कागदाची पट्टी चिकटवली. मंगळवारी ती फाटली. आज बुधवारी दुसरीही फाटली होती. खाली फरशीवर वाळूचा बारीक ढीग साठत होता.

ट्रूडीची आई, लोर्ना, हेडफोन लावून बसली होती. गावात आग लागो की अपघात होवो, मदतीचा फोन तीच उचलायची.

"सुट्टी आहे ना? नदीवर जा की," ती म्हणाली.

"आई, तू इथून ऊठ आधी."

"आणि फोन कोण उचलेल? तुझा मामा?"

दोघं वर ठाण्याचे प्रमुख, चीफ डनफी, यांच्याकडे गेली. त्यांनी सगळं ऐकलं, उठून दार लावलं आणि खणातून इंजिनिअरचं पत्र काढलं. 'तळघर ताबडतोब रिकामं करा.' तारीख दहा दिवसांपूर्वीची होती.

ट्रूडीने तारखेवर बोट ठेवलं. "तुम्हाला माहीत होतं?"

"येत्या मंगळवारी मतदान आहे. नव्या ठाण्यासाठी कर्जरोखे काढून ते घरपट्टीतून फेडायचे की नाहीत, याचं. 'हो म्हणा' असं मी वर्दीत बोलायचं नाही, तसा कायदाच आहे. आता भिंतीचा विषय काढला तर लोक म्हणतील, घरपट्टी वाढवायला डनफी घाबरवतोय. तेवढे दिवस कळ काढा, पोरांनो."

"भिंतीला सांगितलंय का मंगळवारचं?" ओटिसने विचारलं.

चीफनी पत्र पुन्हा खणात ठेवलं. खालून काहीतरी दबकं करकरलं.

ट्रूडी तडक समोरच्या वाचनालयात गेली आणि तिथल्या फोनवरून मदतीचा नंबर फिरवला. आलेला प्रत्येक फोन नोंदवायचा आणि माणसं धाडायचीच, हा आईचा नियम तिला पाठ होता.

"काय झालंय?" आईचाच आवाज.

"भिंत कोसळतेय. आत एक बाई आहे."

"पत्ता सांगा."

ट्रूडीने सांगितला.

"ट्रूडी, ही थट्टा करायची गोष्ट नाही."

"थट्टा नाहीच. नोंदव ना, आई."

मग कीबोर्डची टकटक ऐकू आली.

चार मिनिटांत आगीचा बंब आला. बंबावरच्या कॅप्टन हेडी तळघरात उतरल्या, तड्यावर एकदाच टॉर्च मारला, फोन शेजारच्या गावाकडे वळवायला लावले आणि लोर्नाला दंडाला धरून बाहेर काढलं. तिने रस्ता ओलांडला न ओलांडला तोच तळघर धडाडलं. खिडकीतून धुळीचा लोट आला. तिची खुर्ची विटांखाली गेली होती.

"अख्ख्या गावात डोकं चाललं ते या दोघांचंच," कॅप्टन हेडी सगळ्यांदेखत म्हणाल्या.

त्या संध्याकाळी चीफनी गावसभेत ते पत्र वाचून दाखवलं. दडवून ठेवल्याचंही कबूल केलं. "मत तुमचं तुम्ही ठरवा," एवढंच म्हणाले. मंगळवारच्या मतदानात नव्या ठाण्याला साठ टक्के मतं लागत होती, एकसष्ट टक्के पडली.

ट्रूडीला मात्र त्या फोनची नोंद बघायची होती. 'फोन करणारी व्यक्ती' या रकान्यात आईने टाइप केलं होतं: माझी मुलगी. खोटं बोलत नाही.