आतून आठ फूट

सिनेमातल्या खोलीला तीनच भिंती असतात. चौथी चाकांवर ठेवायची आणि कॅमेरा आत घ्यायचा असला की बाजूला ढकलायची. तीस वर्षं मी प्लायचे बंगले आणि तुरुंग बांधतोय. घरातलं कपाट तेवढं तुमच्याच्यानं होत नाही, असं बायको म्हणते.

ही खोली मात्र खरी होती. एका बाईंना कुणीतरी नऊ वर्षं तळघरात कोंडून ठेवलं होतं, त्यावर सिनेमा निघाला होता. त्यांनीच सांगितलेल्या मापाने मी ती बांधली, दहा फूट लांब. एकदा त्या धाकट्या बहिणीबरोबर पाहायला आल्या. सगळे त्यांना ताई म्हणत. आत जाऊन स्टुलावर बसल्या आणि भिंतीवर रंगवलेला ओलीचा डाग त्यांनी बोटाने चाचपला.

"हा वीतभर खाली हवा," म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "मिस्त्री, एक मागू? चौथी भिंत कधी लावू नका. तीनच दिसल्या की मला कळतं, हे खोटं आहे."

"नाही लावणार, ताई. शब्द देतो."

आठवड्याने दिग्दर्शकाला रिकाम्या खोलीचा वरून शॉट हवा झाला, चारी भिंतींसकट.

"ताईंना शब्द दिलाय," मी म्हणालो.

"त्यांना कोण सांगतंय? वीस मिनिटांचं तर काम."

मी फार ताणलं नाही. दुपारी तीनला भिंत ढकलली, आठ स्क्रू मारले. वीस मिनिटांनी काढले.

साडेतीनला ताईंच्या बहिणीचा फोन आला.

"ताई घरात नाहीये. तिच्या खोलीचं दार आतून बंद होतं, आम्ही तोडलं. तीनला तर मी तिला चहा दिला होता. तिकडे काही केलंत का तुम्ही?"

"नाही हो. आम्ही काय करणार?"

पोलीस येऊन गेले, तेव्हाही मी स्क्रूंचं बोललो नाही. मला माझीच लाज वाटत होती, म्हणून बोललो नाही, आणि बोललो नाही म्हणून अजून वाटते.

तो डाग खाली घ्यायचा राहून गेला होता. संध्याकाळी पाहिलं, तर तो वीतभर खाली होता. हात लावला. ओला लागला.

चौथी भिंत जागेवर ओढून मी टेप काढला. बाहेरून खोली दहा फूट भरली. आतून आठ.

तीनदा मोजलं.

दुसऱ्या दिवशी चौथी भिंत उचकटली. प्लायमागे लाकडी चौकट आणि भुसा, एवढंच. पुन्हा जोडली.

सिनेमा बंद पडला. प्लाय कोण फेकतं? तीच भिंत रंगवून आता दुसऱ्या सिनेमाच्या स्वयंपाकघराला लावली आहे. परवा तिथला रंगारी म्हणाला, "मिस्त्री, माप चुकलंय तुमचं. आतून आठच भरतंय."

"चुकलं खरं," मी म्हणालो.

ताईंची बहीण दर आठवड्याला फोन करते. मी तेच उत्तर देतो.

काल जेवणाच्या सुट्टीत सेटवर कुणी नव्हतं. मी त्या भिंतीवर बोटाने टकटक केली.

कान टेकवला.

मग स्टुलावर बसलेल्या माणसाच्या उंचीवरून, अगदी हळू आवाज आला.

"मिस्त्री, झाली का वीस मिनिटं?"

मी मान खाली घातली.

"होतच आली, ताई," मी म्हणालो.