भरलेला ट्रेलर हलका कसा?

"जे आधी लागतं, ते शेवटी भरायचं. हे ज्याला कळलं, त्याला जग कळलं," काकांनी फाटकाशी उभं राहून जाहीर केलं.

त्यानंतर पाऊण तास सगळे गाडीची किल्ली शोधत होते. किल्ली काकांच्या जॅकेटच्या खिशात होती, आणि जॅकेट काकांनी सगळ्यात आधी भरलं होतं.

काका सव्वीस वर्षं बेकरीची गाडी चालवत होते. पहाटे गाडी भरताना शेवटच्या दुकानाचा पाव आधी, पार आत. पहिल्या दुकानाचा पाव शेवटी, दाराशी. म्हणजे पहिल्या दुकानासमोर दार उघडलं की पाव हातात. या एका नियमावर त्यांनी नोकरी केली, संसार केला आणि आता सुट्टीही करायला निघाले होते. बेकरीच्या मालकांनी आपला छोटा ट्रेलर आठ दिवसांसाठी दिला होता. दोनच चाकं, पुढे गाडीला अडकवायचा लोखंडी दांडा, मागे दार आणि आत चार माणसांनी एकमेकांची माफी मागत झोपायची जागा. काकांनी तो आपल्या छोट्या एसयूव्हीच्या मागे लावायचा ठरवला. सकाळी रिकामा ट्रेलर अंगणात ओढून आणताना, दांडा उचलून हुकवर ठेवताना काका असे कण्हले होते की समोरच्या घरातला कुत्रा उठून बसला.

मग सामान भरलं. उशा, पांघरुणं, तंबूचं कापड पुढच्या बाजूला, पार आत. पाण्याचे चार मोठे कॅन, गॅसची टाकी, शेगडी आणि डब्यांची पेटी मागे, दाराशी. कारण तळ्याकाठी पोचलं की आधी चहा लागणार.

"बघितलंस?" काका ताईला म्हणाले. "याला म्हणतात डोकं."

ताई बारा वर्षांची होती आणि डोकं कशाला म्हणतात याबद्दल तिची स्वतःची काही मतं होती. पण ती मतं तिने आज घरीच ठेवली. आईबाबांना सुट्टी मिळाली नव्हती. काकांनी तिला आणि तिच्या धाकट्या भावाला बरोबर न्यायचं कबूल केलं होतं. शिवाय काका तिला आवडायचे. लहानपणी ती पडली की सगळे आधी ओरडायचे. काका आधी उचलायचे.

धाकटा भाऊ नऊ वर्षांचा होता. तो काडीसारखा बारीक असल्याने घरात सगळे त्याला पैलवान म्हणत. तिसरा काकांचा मुलगा, वय अकरा. त्याला रेडिओ म्हणत, कारण तो बंद कुठून करायचा हे कुणालाच सापडलं नव्हतं.

काकू पुढच्या सीटवर बसली. ती चष्म्याच्या दुकानात कामाला होती, त्यामुळे समोरच्या माणसाला काय दिसत नाहीये हे ओळखायची तिला सवय होती. पण सुट्टीत ती शक्यतो डोळे मिटून घेई.

पहिला तासभर छान गेला. मग रस्ता मोकळा झाला, काकांनी वेग वाढवला, आणि मागच्या काचेतून बघणाऱ्या ताईला ट्रेलर हळूच मान हलवताना दिसला. नाही, नाही, नाही. डावीकडे, उजवीकडे, डावीकडे.

"काका, ट्रेलर डुलतोय."

"वारा," काका म्हणाले.

ताईने बाहेर बघितलं. दूर एका वीटभट्टीचा धूर पट्टीने आखल्यासारखा सरळ वर चालला होता. एका घरामागे चादरी वाळत घातल्या होत्या, त्याही ढिम्म.

"बाहेर तर वारा नाहीये."

"वर असतो," काका म्हणाले.

"वर म्हणजे कुठे, बाबा?" रेडिओने विचारलं. "आपण खाली चाललोय ना? का आपला ट्रेलर उंच आहे? पण मग तो समोरचा ट्रक तर केवढा उंच, तो का नाही डुलत? त्याने काय नवस बोललाय?"

"तू बिस्किट खा," काका म्हणाले.

ताई दोन सीटांमधून वेगाच्या काट्याकडे बघू लागली. काटा पन्नासवर असला की ट्रेलर शहाणा. साठ झाले की मान हलायला सुरुवात. काकांनी वेग कमी केला की पुन्हा शहाणा. वारा काय गाडीचा काटा बघून वाहतो?

तेवढ्यात मागून एक मालट्रक आला आणि धडधडत पुढे निघून गेला. तो बाजूने जाताच ट्रेलर जोरात एका अंगाला गेला, मग दुसऱ्या अंगाला, आणि त्याने गाडीचं शेपूटही बरोबर ओढलं. ताईचं डोकं पैलवानाच्या डोक्यावर आपटलं. काकांनी अॅक्सिलरेटरवरून पाय उचलला, स्टिअरिंग घट्ट धरून ठेवलं. गाडी हळूहळू शांत झाली.

रेडिओच्या हातातलं बिस्किट खाली पडलं.

"काय ट्रक चालवतात एकेक," काका हसून म्हणाले. पण ताईला मागून त्यांचे हात दिसत होते. बोटांची पेरं पांढरी पडली होती.

"अजून घाट उतरायचाय," काकू डोळे न उघडता म्हणाली.

ताईने पुन्हा मागे वळून ट्रेलरकडे बघितलं. सपाट, सरळ रस्त्यावर ही तऱ्हा. घाटात एका बाजूला डोंगर आणि दुसऱ्या बाजूला काहीच नाही.

दुपारी ते एका चहाच्या टपरीपाशी थांबले. मागचं अंगण अरुंद होतं. ट्रेलर जोडून गाडी वळेना, म्हणून काकांनी तो सोडवला, चाकांखाली दगड लावले आणि म्हणाले, "लांब उभे राहा. जड आहे. मी गाडी फिरवून आणतो."

काका गाडीत बसायला गेले. पैलवानाला लांब उभं राहा म्हटलं की जवळ जायची सवय होती. त्याने दांडा धरला आणि उचलला. एका हाताने. दुसऱ्या हातात संत्रं होतं.

"अरे बापरे," रेडिओ म्हणाला. "हा खरंच पैलवान निघाला. आता याला काय म्हणायचं?"

पैलवानाला स्वतःबद्दल अचानक खूप आदर वाटू लागला. त्याने संत्रं खाली ठेवलं आणि दंड चाचपून बघितला. तिथे अजून काहीच नव्हतं.

ताईने पुढे होऊन दांडा उचलून बघितला. दोन बोटांवर आला.

"सकाळी काका केवढ्याने कण्हले होते," ती हळूच म्हणाली. "तेव्हा ट्रेलर रिकामा होता. आता गच्च भरलाय. मग हा हलका कसा झाला?"

रेडिओने स्वतः दांडा उचलून बघितला.

काकांनी गाडी वळवून मागे घेतली, ते उतरेपर्यंत तिघांनी मिळून दांडा हुकवर ठेवलाही होता. काकांनी फक्त खटका लावला, चहा घेतला आणि टपरीतल्या बाकावर आडवे झाले. पहाटे उठणाऱ्या माणसाला झोप कुठेही लागते. काकांची दुपारची झोप वीस मिनिटांची. एकोणिसाव्या मिनिटाला तोफ डागली तरी ते उठत नसत आणि एकविसाव्याला झोपून राहत नसत.

टपरीला लागून रोपवाटिका होती. तिथे एक माळीणबाई दोनचाकी हातगाडीवर मातीची पोती लादत होत्या.

"आजी, ही गाडी जरा घेऊ?" ताईने विचारलं. "लगेच देते."

"पोती त्या शेडपर्यंत न्यायचीच आहेत," माळीणबाई म्हणाल्या. "न्या की. माझी कंबर तुम्हाला दुवा देईल."

आधी त्यांनी सगळी पोती मागच्या कडेला ठेवली. दांडा हातात पिसासारखा हलका. रेडिओ ओढत पळू लागला आणि दहा पावलांत हातगाडीने त्याला डावीकडे नेलं, मग उजवीकडे नेलं आणि शेवटी कुंड्यांच्या रांगेत नेऊन सोडलं. मग त्यांनी पोती चाकांच्या वर आणि थोडी पुढे सरकवली. दांडा हाताला जड लागला. रेडिओ पुन्हा पळाला. हातगाडी गाईसारखी मुकाट त्याच्या मागे आली.

माळीणबाई कमरेवर हात ठेवून बघत होत्या. "मागे भरू नये रे पोरांनो," त्या म्हणाल्या. "दांड्यावर थोडा भार हवा. नाहीतर गाडी तुम्हाला हाकते."

ताईने घड्याळ बघितलं. अकरा मिनिटं झाली होती.

"बाबांना सांगू या?" रेडिओ म्हणाला.

"ऐकतील?"

"माझं? माझं त्यांनी एकदाच ऐकलंय. मी गप्प बसलो होतो तेव्हा."

ताईला वाटत होतं, सांगावं. पण मोठ्या माणसाला झोपेतून उठवून, तुम्ही सव्वीस वर्षं जे करताय ते इथे चुकलंय, हे कसं सांगतात? शाळेत हे कुणी शिकवलं नव्हतं. कॅन सरकवणं सोपं होतं. त्यांनी सोपं ते केलं. पैलवान आत शिरून पांघरुणं मागे फेकू लागला, ताई आणि रेडिओ कॅन ओढू लागले. कॅन आणि पेटी चाकांच्या जरा पुढे, उशा मागे दाराशी. टाकी आणि शेगडी जागेवरच राहिली, कारण एकोणिसावं मिनिट सरलं होतं. टपरीच्या खिडकीतून काकू चहा पीत हे सगळं बघत होती. एकदा फक्त तिने काकांवर बसायला आलेली माशी हाकलली, म्हणजे ते लवकर उठायला नकोत.

त्यानंतर काटा साठवर गेला, पासष्टवर गेला. ट्रेलर हलला नाही. एक बस बाजूने गेली, तरी नाही.

"बघा," काका खुशीत म्हणाले, "वारा पडला."

रेडिओने हसू दाबताना असा आवाज काढला की काकांनी खिडकी खाली करून टायर तपासला. ताईला मात्र हसू आलं नाही. ती विचार करत होती. आज वारा पडला. पण परतीच्या दिवशी काका पुन्हा आपल्या पद्धतीने भरतील, तेव्हा? पुढच्या वर्षी, आपण बरोबर नसताना?

घाट सुरू होण्याआधी गाड्या थांबवायला सपाट जागा होती. तिथून खाली रस्ता दिसत होता, सांडलेल्या दोऱ्यासारखा. काकांना तहान लागली. त्यांनी ट्रेलरचं दार उघडलं आणि त्यांच्या अंगावर तीन उशा आल्या.

"माझं भरणं कुणी हलवलं?"

तिघंही खाली वाकून उशा गोळा करू लागले.

"अरे, माणसाच्या कामाला काही शिस्त असते. सव्वीस वर्षं माझ्या गाडीला कुणी हात लावला नाही." काकांनी स्वतः आत शिरून एकेक कॅन आणि डब्यांची पेटी ओढून पुन्हा दाराशी आणली. ते चिडले नव्हते, दुखावले होते. ते जास्त वाईट होतं. "चला, बसा. उशीर होतोय."

ताई गाडीत बसली नाही.

"काका, मी हलवलं. न विचारता हलवलं, ते चुकलं," ती म्हणाली. "आता तुम्ही म्हणाल तसंच जाऊ. फक्त एकदा ट्रेलर सोडवून दांडा उचला."

"कशाला?"

"एकदाच. मग मी काही बोलणार नाही."

काकांनी तिच्याकडे बघितलं. मग चाकांखाली दगड लावले, ट्रेलर सोडवला आणि कंबर वाकवून, श्वास कोंडून, दोन्ही हातांनी दांडा उचलला. तो इतक्या चटकन वर आला की काकाच मागे गेले. त्यांनी एक हात सोडला. मग उरलेल्या हाताचीही तीन बोटं सोडली.

"सकाळी रिकामा होता," ताई म्हणाली, "तेव्हा तुम्ही कण्हला होतात."

"मी नाही कण्हलो."

"कण्हलात," काकू गाडीतून म्हणाली. "सगळ्या गल्लीने ऐकलं."

काका दोन बोटांवर दांडा घेऊन तसेच उभे राहिले. त्यांनी दांड्याकडे बघितलं, चाकांकडे बघितलं, मग दाराशी रचलेल्या चार कॅनकडे. त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी हळूहळू जागा बदलत होतं.

"मागून उचलतोय हा गाडीला," ते स्वतःशीच म्हणाले. "पावाच्या गाडीला मान नसते. एकच अंग. कुठेही भरा. याला मान आहे." मग त्यांनी दांडा खाली ठेवला. "तो ट्रक गेला ना मघाशी, तेव्हा मी घाबरलो होतो. तुम्हाला कळू दिलं नाही."

"मला कळलं होतं," ताई म्हणाली.

"मग तेव्हाच का नाही बोललीस?"

"बोलले होते. तुम्ही वारा म्हणालात."

काकांनी मान खाली घातली. "आणि टपरीवर विचारलं असतंस, तर मी हो म्हटलं असतं?"

"नाही."

"मग न विचारता केलंस ते बरोबरच."

"नाही," ताई म्हणाली. "मी उशा मागे लावून गप्प बसले. तुम्हाला कळलंच नसतं, तर तुम्ही पुन्हा तसंच भरलं असतं. विचारायलाच हवं होतं. तुम्ही नाही म्हणालात तर पुन्हा. आणि मग पुन्हा."

काकांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, आणि मग त्यांनी ताज्या पावाचा ट्रे जपून भरावा तसा तो ट्रेलर नव्याने भरला. जड ते चाकांवर आणि जरा पुढे, हलकं ते मागे. दर दोन वस्तूंनी ते खाली उतरून दांडा उचलून बघत. एकदा भार पुढे फार झाला तर त्यांनी गॅसची टाकी वीतभर मागे सरकवली. सगळं मनासारखं झाल्यावर त्यांनी दांडा उचलला आणि खणखणीत कण्हले.

घाट त्यांनी खालच्या गिअरमध्ये, सावकाश उतरला. ताई मागच्या काचेतून बघत होती. प्रत्येक वळणावर ट्रेलर गाडीच्या मागोमाग वळत होता. शेवटच्या वळणानंतर तिने पहिल्यांदा समोर तोंड केलं, तेव्हा तिच्या लक्षात आलं की आपण पैलवानाचा हात धरून बसलोय, आणि त्यानेही तो सोडवून घेतलेला नाही.

तळ्याकाठी पोचल्यावर काकांनी ट्रेलर सोडवला, गाडी झाडाखाली लावली आणि तिघांना एका रांगेत उभं केलं. घसा साफ केला.

"आज मी एक गोष्ट शिकलो," ते म्हणाले. "माणूस कितीही अनुभवी असो, त्याने लहानांचं ऐकलं पाहिजे. या तिघांनी आज पाच माणसांचा जीव वाचवला. मी बेकरीत सगळ्यांना सांगणार आहे. मालकांनाही सांगणार आहे. ताई, तुझ्यासारखी पुतणी ज्याच्या घरात आहे, त्या माणसाला आयुष्यात..."

"अहो," काकू ट्रेलरच्या दाराशी उभी राहून म्हणाली, "तुमचं चालू द्या. फक्त जरा त्या दांड्यावर बसून बोला. मला स्वेटर काढायला मागून आत शिरायचंय."