यादीतलं पहिलं नाव

बेंगळुरूतल्या शिवाजीनगरच्या बसस्टँडमागे, एका शिवणवर्गाच्या खोलीत आमचं शिबिर होतं. मधुमेहानं डोळ्याचा पडदा खराब झालाय का, हे तपासणारं. डोळ्यांतल्या बाहुल्या मोठ्या व्हाव्यात म्हणून खिडक्यांना चादरी लावून खोली अंधारी केली होती. चादरींतूनही भज्यांच्या तळणीचा वास आत येत होता. मी मुग्धा, पुण्याची. सहा वर्षं इथे हेच काम करतेय. मशीन दाखवेल त्यापलीकडे मी फारसं काही मानत नाही.

रोज सकाळी कॅमेरा तपासायला माझा सहकारी पद्मनाभ माझ्याच दोन्ही डोळ्यांचे फोटो काढतो. ते वेगळ्या खात्यात ठेवायचे असतात. त्या दिवशी खातं उघडेना, आणि खोळंबा झाला की माझं डोकं फिरतं. मी फोटो यादीतल्या पहिल्या नावावर टाकून दिले. नंतर पुसू म्हटलं, आणि विसरले.

पहिलं नाव सोयराबाईंचं होतं. वीस वर्षांचा मधुमेह, उजव्या डोळ्यानं दोन वर्षं काही दिसत नव्हतं, डावाही अधू होत चाललेला. सुनेनं हाताला धरून आणलं. आधी उजवा, मग डावा, हा आमचा क्रम. सोयराबाईंनी हनुवटी टेकवली, मशीनच्या हिरव्या ठिपक्यानं आपणहून डोळा शोधला, तो स्थिर झाला आणि फोटो निघाला.

पडदा स्वच्छ होता. एका शिरेच्या कडेला तिळाएवढा काळा डाग. तो डाग मी सहा वर्षं रोज सकाळी बघतेय. तो माझा आहे.

"सकाळचाच फोटो दाखवतोय हा," मी पद्मनाभला म्हटलं. "परत घे."

परत तोच आला. भिंग पुसलं, कॅमेऱ्याला जोडलेला टॅब बंद करून चालू केला. फोटोवर वेळ मात्र आत्ताची पडत होती, अकरा वाजून सात मिनिटं.

"अक्का," सोयराबाई हळूच म्हणाल्या, "स्वल्प दिसाय लागलंय बघा."

मी त्यांचा डावा डोळा झाकला आणि खिडकीवरची चादर बाजूला केली. समोरच्या कॅलेंडरवरची तारीख त्यांनी वाचली. खालचं छापखान्याचं बारीक नावही वाचलं. सून तोंडाला पदर लावून रडायला लागली.

मलाही बरं वाटलं. नोंद करायला टॅबकडे वळले, तर अक्षरांच्या मधोमध काहीतरी लालसर येत होतं. मी डावा डोळा मिटला.

कॅलेंडर गेलं. भिंत गेली.

मला मधुमेह नाही. कधीच नव्हता.

"पद्मनाभ, माझा उजवा घे."

त्यानं घेतला. टॅबवर मोठा करून बघितला.

"कुणाचा आहे हा?" त्यानं विचारलं.

डोळ्याच्या पडद्यावर सगळीकडे जुनं रक्त होतं. तीळ नव्हता.

मी घाईनं टॅब ओढला. सोयराबाईंच्या नावावरचे सकाळचे फोटो पुसायला गेले. दोन टाकले होते. तिथे एकच उरला होता, डाव्या डोळ्याचा. मी तो पुसत राहिले. तो जात नव्हता.

"डावा ऱ्हायला की, अक्का," मागून सोयराबाई मायेनं म्हणाल्या.

मी वळले. त्यांनी हनुवटी टेकवली होती. मशीनचा हिरवा ठिपका थोडा हलला, आणि स्थिर झाला.