धुळीचे बोळे

"बाई, माझा कॉम्प्युटर कुणीतरी मुद्दाम बंद पाडलाय," वरच्या मजल्यावरची सून दारातच म्हणाली. कडेवर नऊ महिन्यांची मुलगी होती. "काल चालू होता. आज पाच वाजता त्याच्यावर नोकरीची परीक्षा आहे."

साडेतीन वाजले होते.

मास्तर खुर्चीत ताठ झाले. वीस वर्षं कॉम्प्युटर शिकवून ते खाजगी तपास करणाऱ्या या बाईंचे सहायक झाले होते. दोन वर्षांत एकाही अशिलाने त्यांच्याकडे मान वळवली नव्हती. बाईंच्या कौतुकाने त्यांच्या पोटात दुखायचं. आज मात्र प्रकरण त्यांच्याच अंगणातलं होतं.

वर जाऊन त्यांनी बटण दाबलं. पंखा फिरला, तीनदा पीं-पीं झालं; पडदा काळाच.

"वीजच पोचत नाही," मास्तर म्हणाले.

"मग पंखा काय तुमच्या धाकाने फिरतोय?" बाई म्हणाल्या.

मास्तरांनी स्क्रू काढले. आत मेमरीच्या पट्टीची खाच रिकामी होती. बाकी सगळं लख्ख.

"याला जुन्या प्रकारची पट्टी लागते. नवी मागवायला दोन दिवस लागतील."

"घरात कोण कोण असतं?" बाईंनी विचारलं.

"सासूबाई, नणंद आणि मी. हे दौऱ्यावर आहेत." सुनेने आवाज उतरवला. "ताई इंजिनिअर आहेत. याच जागेसाठी बसल्या होत्या, पहिल्या फेरीत गळल्या. माझं अभिनंदन केलं, पण नुसतं तोंडाने."

नणंदेच्या टेबलावर वाळलेल्या कॉफीचे तीन कप होते आणि कीबोर्डभर बिस्किटांचा चुरा.

"जळते मी वहिनीवर, लपवत नाही," ती म्हणाली. "पोर आहे, नवरा आहे, आता नोकरीही. पण मला पट्टी कशाला काढायला हवी? एक वायर सैल केली असती तरी भागलं असतं."

सासूबाईंनी कॉफी आणली. बाईंनी कप उचलला, तर खालून फडकं फिरलंसुद्धा.

"यापूर्वी कॉम्प्युटर कुणी उघडला होता, आजी?"

"महिन्यापूर्वी मेकॅनिक आला होता. सून पोरीला लस टोचून आणायला गेली होती. पट्टी काढली, खोडरबराने घासली, बसवली, की निघाला. आत धुळीचे बोळे तसेच."

"सुनेला नोकरी लागली की बाळाला कोण बघणार?"

"पाळणाघर. माझी कंबर दुखते ना, म्हणून मुलाने-सुनेने परस्पर ठरवलंय. परवा दाखवायला नेलं, तर पोर तिथल्या बाईकडे झेपावली. माझ्याकडे परत यायचं नाही म्हणून रडली." पुसलेलं टेबल त्या पुन्हा पुसू लागल्या.

सव्वाचारला सगळे कॉम्प्युटरपाशी जमले.

"स्क्रू जागच्या जागी, पट्टी अलगद काढलेली. हे जाणकाराचं काम," मास्तरांनी नणंदेकडे पाहिलं.

"एकदा नीट बघितलेलं माणूसही ते करू शकतं," बाई म्हणाल्या. "मेकॅनिक बोळे ठेवून गेला. आज कण नाही. म्हणजे चोराने पट्टी काढली आणि धूळ दिसताच राहवलं नाही म्हणून आतून पुसून घेतलं. तीन शिळे कप सांभाळणारी मुलगी पुसेल? आणि मेकॅनिकचा हात बघितला कुणी? सून घरात नव्हती. आजी, बोळे तुम्हीच पाहिलेत."

फडकं थांबलं. सासूबाई आत गेल्या आणि बाळाचं लहान झालेलं टोपडं घेऊन आल्या. त्यात पट्टी होती.

"मोडायची नव्हती मला. पाच वाजून गेले की बसवणार होते. दिवसभर त्या पाळणाघरवालीकडे राहिली, तर पोर तिलाच आजी समजेल."

"आई, मी ताईंवर आळ घेतला," सून एवढंच म्हणाली. नणंदेने तिच्यासमोर खुर्ची सरकवली.

मास्तरांनी पट्टी दाबली. पडदा उजळला.

"मला कसं दिसलं नाही?" ते पुटपुटले.

"तुम्ही आल्यापासून धूळ कमी आणि मला जास्त बघत होता, मास्तर."

पाचला पेपर उघडला आणि बाळ रडायला लागलं. सून अर्धवट उठली.

"बस तू." सासूबाईंनी पोरीला कडेवर घेतलं. दारात मात्र त्या थबकल्या.

"त्या पाळणाघरवालीला सांगून ठेव," पाठमोऱ्याच म्हणाल्या. "ही डाव्या कुशीवरच झोपते."