कढीपत्त्याचा वास कुठे गेला?

चंद्रावरच्या वसाहतीत एक कोडं पडलं होतं. मूठभर ताजा कढीपत्ता घालून खळाखळा उकळलेली आमटी इतकी मिळमिळीत कशी लागावी?

चारुताने ते झटक्यात सोडवून टाकलं. "झाडच कुचकामी आहे," असं तिनं भरसभेत सांगितलं. हरितगृहात (काचेच्या छताखालच्या बागेत) जागा थोडी, आणि टोमॅटो लावायला सगळे टपलेले. म्हणून या सदाहरित (बारा महिने हिरव्या राहणाऱ्या) झुडपाची परीक्षा घ्यायचं काम शाळेने तिला दिलं होतं. तिने केलेली आमटी चाखून सगळ्यांनी तोंडं वाकडी केली आणि दुसऱ्या दिवशी बागेतल्या यंत्रमानवाने झुडूप बुंध्यापासून छाटलं. चारुता बाईसाहेब तेव्हा मोठ्या ऐटीत होत्या.

दुपारी सुलूमावशी शेजारच्या वसाहतीतून परतली. ती वनस्पतिशास्त्रज्ञ. ते रोप तिनेच पृथ्वीवरून आणून वाढवलं होतं. खुंटावरून तिनं हात फिरवला. मग टोपलीतल्या छाटलेल्या फांद्या उचलून तिनं विचारलं, "आमटी कशी केलीस गं?"

"पाण्यात पानं टाकली आणि उकळली."

"आधी तेलात नाही घातलीस?"

"तेलात कशाला?"

पोरीचा जन्मच चंद्रावरचा. इथे गुरुत्वाकर्षण (जमिनीची ओढ) कमी, त्यामुळे तडतडणारी मोहरी थेट छताला जाऊन चिकटायची. म्हणून फोडणीवर बंदी होती आणि चारुताने ती कधी पाहिलीच नव्हती. पण विचारायला तोंड होतं की.

मावशीने एक पान दिव्यासमोर धरलं. त्यात बारीक बारीक ठिपके उजळले. "या तैलग्रंथी. तेलाच्या इवल्या पिशव्या म्हण. वास यांच्यात असतो. पण हे तेल पाण्यात नीट विरघळत नाही. उकळलं की वाफेबरोबर उडून जातं. गरम तेलात मात्र ते मिसळतं आणि तिथेच राहतं. म्हणून तर आपल्या बायका खोबरेल तेलात कढीपत्ता कढवून केसांना लावत आल्या. केस काळे राहतात की नाही ते सोड, पण पानातलं तेलात उतरतं हे त्यांना माहीत होतं."

तिने घट्ट झाकणाच्या भांड्यात फोडणी केली आणि झाकण आमटीवर उघडलं. चारुताने एक घोट घेतला. कढीपत्त्याचा वास त्यात भरभरून होता. लाजेने तिला पुढचा घेववेना.

"म्हणजे तू पानं उकळलीस तेव्हा वास खोलीभर पसरला असणार," मावशी म्हणाली.

चारुताची मान खाली गेली. "पसरला होता," ती पुटपुटली. "स्वयंपाकघरात मी एकटीच होते, मला आला होता. पण आमटी तर बेचव होती. वासाचं सांगितलं असतं तर सगळ्यांनी प्रश्न विचारले असते. म्हणून मी ते गाळलं."

मावशी रागावली असती तर बरं झालं असतं, असं चारुताला वाटलं. "चूक कुणाचीही होते," मावशी हळूच म्हणाली. "पण दिसलेलं लपवलं की तो प्रयोग राहत नाही."

संध्याकाळच्या सभेत चारुता उभी राहिली. "नाचता येईना, अंगण वाकडं, तसं मी केलं," ती म्हणाली. "चूक माझी होती आणि दोष मी झाडाला दिला. वास आला होता, तोही लपवला."

"कढीपत्त्याच्या मुळांना कधीकधी फुटवे येतात," सभेनंतर मावशी म्हणाली. "येतीलच असं नाही. पाणी तू घाल आणि सभेत रोज खरं काय ते सांग."

मग रोज सगळ्यांसमोर उभं राहून चारुता सांगू लागली, "आज काही उगवलेलं नाही." टोमॅटोवाले सुस्कारे सोडत. तिला दर वेळी नव्याने लाज वाटे, तरी ती सांगे.

एकदा मात्र तिचा आवाज इतका कापला की मावशीच जागेवरून उठली.

"एक कोंब आलाय," चारुता म्हणाली. "अगदी बारीक आहे. कढीपत्त्याचाच आहे की तणाचा, ते मला अजून सांगता येत नाही."